डेटा परत आला, पण हात लावू देईना: पोस्टग्रेस रिस्टोअर करताना येणाऱ्या परवानगीच्या एरर

एका सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर बदलायचा होता. जुन्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्रॅमची १२ ही आवृत्ती होती, नव्यावर १६. शनिवारी रात्री डम्प, म्हणजे डेटाबेसची बॅकअप फाइल, घेतला, नव्या मशीनवर रिस्टोअर केला, म्हणजे पुन्हा भरला, सभासदांच्या टेबलमधल्या ओळी मोजल्या. आकडा जुन्याशी जुळला, म्हणून सगळे घरी गेले. रविवारी सकाळी काउंटरवरच्या बाईंनी देवघेवीची पहिली नोंद करायला घेतली आणि पडद्यावर आले: «परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स» (सीक्वेन्स म्हणजे नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देणारी मोजणी). पुस्तकांचा शोध चालत होता, सभासदांची यादी दिसत होती, नवी नोंद मात्र काही केल्या होईना. बाहेर रांग लागली होती.

मला फोन आला तोवर कोणीतरी अ‍ॅपच्या यूजरला सुपरयूजर, म्हणजे कशालाही न अडणारा यूजर, करून टाकले होते. रांग हलली, पण खरी अडचण तशीच राहिली आणि तिच्या जोडीला एक नवा धोका आला. परवानगीच्या एररवर बहुतेक ठिकाणी हाच उपाय होतो: फाइलची असेल तर सातशे सत्त्याहत्तर (सगळ्यांना सगळी परवानगी), डेटाबेसची असेल तर सुपरयूजर. म्हणून तीच अडचण पुढच्या रिस्टोअरला पुन्हा उभी राहते. ती एकदा मुळापासून कशी सोडवायची, ते इथे लिहितो आहे.

आदेश आणि एरर मी देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे. सगळी उदाहरणे पोस्टग्रेसची आहेत.

आधी कोण अडवते आहे ते ओळखा

परवानगीची एरर आली की तीन गोष्टी वाचायच्या: अडवणारा कोण, अडवले कोणाला, आणि कशावरून. संदेशातून यातले बरेच कळते. घाईत आपण «डिनाइड» एवढाच शब्द वाचतो.

अडवणारे तीन असू शकतात. पहिली ऑपरेटिंग सिस्टीम. तिचा संदेश फाइलचा किंवा फोल्डरचा मार्ग दाखवतो आणि शेवटी नुसते «परमिशन डिनाइड» म्हणतो. दुसरा लॉगिनच्या दारातला पहारेकरी. त्याचा संदेश «फेटल» या शब्दाने सुरू होतो आणि त्यात «पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड» किंवा «पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड» असते. हा परवानगीचा प्रश्नच नाही. ओळख पटलेली नाही, म्हणून लॉगिनचे नियम ठेवणारी पीजी_एचबीए.कॉन्फ ही फाइल बघायची, ग्रँट (हक्क देण्याचा आदेश) देत बसायचे नाही. तिसरा डेटाबेस स्वतः. त्याचा संदेश «परमिशन डिनाइड फॉर» असे म्हणून पुढे टेबल, स्कीमा (टेबले ठेवण्याचा कप्पा), सीक्वेन्स यांपैकी काहीतरी सांगतो, किंवा «मस्ट बी ओनर ऑफ» म्हणतो. लॉगमध्ये एरर कोड लिहिण्याची सोय चालू केली असेल तर तिथे ४२५०१ दिसतो. हा अपुऱ्या अधिकाराचा कोड आहे.

एक संदेश मात्र नुसताच घाबरवतो. आपल्या होम फोल्डरमध्ये उभे राहून सुडोने (दुसऱ्या यूजरच्या नावाने आदेश चालवण्याची सोय) पोस्टग्रेस यूजर म्हणून पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला आदेश देण्याचा प्रोग्रॅम, चालवले की «कुड नॉट चेंज डिरेक्टरी टू» आणि पुढे «परमिशन डिनाइड» असे येते. एवढ्यावर लोक रिस्टोअर थांबवतात. पोस्टग्रेस यूजरला तुमच्या फोल्डरमध्ये पाय ठेवता आला नाही, इतकाच त्याचा अर्थ. आदेश पुढे चालतो. नको असेल तर आधी /टीएमपी मध्ये जाऊन तिथून आदेश द्या.

बॅकअपची फाइलच उघडत नाही

हे सोपे आहे, पण वेळ खाते. डम्पची फाइल तुमच्या होममध्ये आहे, रिस्टोअर पोस्टग्रेस यूजर म्हणून चालवलेत आणि «कुड नॉट ओपन इनपुट फाइल» आले. फाइलवर वाचनाची परवानगी देऊनही फरक पडत नाही, कारण अडकले आहे ते वरच्या फोल्डरवर. उबुंटूच्या २१.०४ पासून नव्या यूजरचे होम फोल्डर ०७५० असते, म्हणजे परक्याला त्यातून वाटच नाही. नेमआय -एल हा आदेश फाइलच्या पूर्ण मार्गासह चालवा. मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी तो एकाखाली एक दाखवतो आणि अडलेली पायरी लगेच नजरेत भरते.

होम फोल्डर सगळ्यांना खुले करू नका. फाइल पोस्टग्रेसच्या ताब्यातल्या जागेत हलवा, नाहीतर ती पीजी_रिस्टोअर या रिस्टोअर करणाऱ्या आदेशाला स्टँडर्ड इनपुटमधून द्या: आदेशाच्या शेवटी «पेक्षा लहान»चे चिन्ह आणि फाइलचा मार्ग. अशा वेळी फाइल तुमचे शेल तुमच्या हक्काने उघडते, पोस्टग्रेस यूजरला ती वाचता येण्याची गरज उरत नाही. या मार्गाने एकाच वेळी अनेक जॉब लावता येत नाहीत, आणि डिरेक्टरी फॉरमॅटचा बॅकअप असेल तर हा मार्ग मुळातच चालत नाही.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवताना, हीच अडचण आकड्यांच्या रूपात येते. अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये पोस्टग्रेस यूजरचा क्रमांक डेबियनवर ९९९ आणि अल्पाइनवर ७० असतो. तुमच्या मशीनवर तुमचा क्रमांक बहुधा १०००. म्हणजे ०६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता येणारी) फाइल कंटेनरमध्ये माउंट केली तर आतला पोस्टग्रेस ती वाचू शकत नाही. नावे सारखी दिसत असली तरी कर्नल फक्त क्रमांक बघतो.

नावे आली, माणसे आली नाहीत

आता मूळ दुखणे.

पीजी_डम्प एका डेटाबेसचा डम्प घेतो. रोल, म्हणजे हक्क ज्यांच्या नावे असतात ते यूजर आणि गट, मात्र एका डेटाबेसचे नसतात, ते पूर्ण क्लस्टरचे, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचे मिळून, असतात. त्यामुळे प्रत्येक टेबलाचा मालक कोण, कोणाला काय ग्रँट दिले आहे, हे सगळे डम्पमध्ये लिहिलेले असते, पण ते रोल निर्माण करणारी एकही ओळ त्यात नसते. सातबाऱ्यावर नाव आहे आणि त्या नावाचा माणूस गावातच नाही, अशी स्थिती होते. नव्या सर्व्हरवर रिस्टोअर चालवले की «रोल वाचनालय_मालक डज नॉट एक्झिस्ट» अशा ओळींचा पाऊस पडतो.

पुढे काय घडते ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ तिथे होतो. पीजी_रिस्टोअर एरर आली म्हणून थांबत नाही. टेबल तयार झालेले असते, मालक बदलण्याची ओळ तेवढी फसते, आणि टेबल रिस्टोअर चालवणाऱ्याच्या नावावर राहते. त्याच्या मागून डेटा भरला जातो. शेवटी «एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोअर» आणि एक आकडा येतो. वाचनालयात शनिवारी रात्री ही ओळ आली होती. डेटा तर आला, असे म्हणून ती सोडून दिली गेली. ओळींचा आकडा जुळला म्हणजे डेटा आला. मालकी आणि परवानग्या आल्या की नाही, हे ओळी मोजून कळत नाही.

म्हणून जुन्या सर्व्हरवरून दोन गोष्टी घ्यायच्या. एक पीजी_डम्पचा कस्टम फॉरमॅट डम्प आणि दुसरी पीजी_डम्पऑल --ग्लोबल्स-ओन्ली ची छोटी फाइल. या दुसऱ्या फाइलमध्ये रोल, त्यांची सदस्यत्वे आणि टेबलस्पेस (डेटा ठेवण्याच्या वेगळ्या जागा) असतात. नव्या सर्व्हरवर आधी ही फाइल चालवायची, मग डम्प. तीत पासवर्डचे हॅश असतात, तेव्हा ती ०६०० ठेवा आणि मेलने पाठवू नका. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणारी सोय) फक्त पीजी_डम्प चालत असेल तर आजच तिथे ही दुसरी ओळ घाला. जुना सर्व्हर बंद पडल्यावर ही फाइल कुठून आणणार?

जुना सर्व्हर आधीच गेला असेल तरी मार्ग आहे. डम्प कस्टम फॉरमॅटचा असेल तर पीजी_रिस्टोअर -एल (लहान एल) त्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी काढतो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मालकाचे नाव असते. ती नावे गोळा करून तेवढे रोल हाताने तयार करा, सुरुवातीला लॉगिनचा अधिकार न देता. ज्यांना फक्त ग्रँट मिळाले होते अशांची नावे यादीत मालक म्हणून येत नाहीत. ती हवी असतील तर पीजी_रिस्टोअर --स्कीमा-ओन्ली ने मजकूर काढून त्यात «ग्रँट» शोधा.

आणि एरर आली की रिस्टोअर तिथेच थांबू द्या. पीजी_रिस्टोअरला --एक्झिट-ऑन-एरर आहे, --सिंगल-ट्रान्झॅक्शन आहे. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, कारण फसले तर अर्धवट काही मागे राहत नाही. साध्या मजकुराचा डम्प पीएसक्यूएलमधून जात असेल तर ऑन_एरर_स्टॉप चालू करायला विसरू नका. ते नसेल तर पन्नास एरर येऊनही पीएसक्यूएल शून्य एक्झिट कोड देतो आणि तुमची स्क्रिप्ट सगळे ठीक आहे असे समजते.

पब्लिक स्कीमा: १५ नंतरचा बदल

«परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक» ही ओळ आता सारखी दिसते, आणि तिला ठोस कारण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपर्यंत पब्लिक स्कीमात कोणताही यूजर टेबल तयार करू शकत असे. त्यातून होणाऱ्या गैरवापराचा धोका २०१८ मध्ये सुरक्षेतली त्रुटी म्हणून नोंदवला गेला होता. १५ मध्ये हा सरसकट हक्क काढून घेतला. नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमाची मालकी पीजी_डेटाबेस_ओनर या खास रोलकडे असते आणि डेटाबेसचा जो मालक असेल तो आपोआप त्या रोलचा सदस्य ठरतो.

शेवटच्या वाक्यातच उपाय आहे. डेटाबेस पोस्टग्रेस यूजरच्या नावाने तयार करून मग अ‍ॅपच्या रोलला एकेक हक्क वाटत बसण्याऐवजी तो सुरुवातीलाच योग्य मालकाच्या नावाने तयार करा: क्रिएटडीबी -ओ वाचनालय_मालक वाचनालय. यात ओ मोठा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. डेटाबेस आधीच झाला असेल तर ऑल्टर डेटाबेस वापरून मालक बदला.

मी अनेक ठिकाणी लोकांना ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस देऊन वाट बघत बसलेले पाहिले आहे. नाव मोठे आहे, पण त्यातून मिळतात तीनच हक्क: जोडणी करणे, नवे स्कीमा तयार करणे आणि तात्पुरती टेबले करणे. आधीपासून असलेल्या स्कीमात टेबल करण्याचा किंवा टेबल वाचण्याचा हक्क त्यात नाही.

आणखी एक खड्डा. डेटाबेस रिकामा करायला ड्रॉप स्कीमा पब्लिक कॅस्केड आणि मग क्रिएट स्कीमा पब्लिक चालवण्याची सवय पुष्कळांना आहे. नवा पब्लिक स्कीमा हा नुसत्या नावाने पब्लिक असतो. तो चालवणाऱ्याच्या मालकीचा होतो आणि जुन्या ग्रँटपैकी एकही त्यावर नसते. मग वाचणाऱ्या यूजरलासुद्धा «परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक» येते, कारण स्कीमात शिरण्याचाच हक्क, म्हणजे यूसेज, गेलेला असतो. अशा वेळी पूर्ण डेटाबेस ड्रॉप करून नवा केलेला बरा.

«मस्ट बी ओनर ऑफ एक्स्टेन्शन»

जुन्या आवृत्त्यांनी घेतलेल्या डम्पमध्ये पीएलपीजीएसक्यूएल या एक्स्टेन्शनवर (पोस्टग्रेसला जोडायची पुरवणी) टिप्पणी लिहिणारी एक ओळ असते. एक्स्टेन्शन सुपरयूजरच्या मालकीचे, म्हणून साध्या यूजरने रिस्टोअर केले की ही ओळ फसते. बिघडत काहीच नाही. पण वर सुचवल्याप्रमाणे सिंगल ट्रान्झॅक्शन लावले असेल तर या एका निरुपद्रवी ओळीपायी सगळे रिस्टोअर मागे फिरते.

अशी ओळ बाजूला काढण्याची चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. पीजी_रिस्टोअर -एल ची यादी फाइलमध्ये घ्या, नको त्या ओळीच्या आधी अर्धविराम टाका, आणि रिस्टोअर करताना मोठ्या एल ने ती यादी द्या. अर्धविरामाच्या ओळी वगळल्या जातात. मूळ डम्पला धक्का लागत नाही आणि काय वगळले त्याची लेखी नोंदही राहते.

एक्स्टेन्शन तयार होतानाच अडत असेल तर ते कोणते आहे ते पाहा. १३ व्या आवृत्तीपासून काही एक्स्टेन्शन विश्वासार्ह गणली जातात. डेटाबेसवर क्रिएटचा हक्क असलेला साधा यूजरही ती बसवू शकतो. पीजीक्रिप्टो, एचस्टोअर, सीआयटेक्स्ट, पीजी_टीआरजीएम ही त्यातली. पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू किंवा पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स यांना मात्र सुपरयूजर लागतो. ती आधी सुपरयूजरने बसवून घ्या आणि मग साध्या रोलने रिस्टोअर चालवा.

क्लाउडवर सुपरयूजर मिळतच नाही

अ‍ॅमेझॉन आरडीएसवर तुमच्या हाती येतो तो आरडीएस_सुपरयूजर, गूगल क्लाउड एसक्यूएलवर क्लाउडएसक्यूएलसुपरयूजर, अझ्युअरवर अझ्युअर_पीजी_अ‍ॅडमिन. नावे भारदस्त असली तरी यांपैकी कोणीही खरा सुपरयूजर नाही. घरच्या सर्व्हरवर जो डम्प मुकाट रिस्टोअर झाला तो इथे अडतो, त्याचे कारण हे.

सगळ्यात जास्त अडते ते मालकी बदलताना. सुपरयूजर नसलेल्याला मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची तर तीन अटी लागतात: वस्तू त्याच्या मालकीची हवी, नव्या मालकाचा रोल त्याला धारण करता यायला हवा, आणि नव्या मालकाला त्या स्कीमात क्रिएटचा हक्क हवा. दुसरी अट मोडली की १५ पर्यंत «मस्ट बी मेंबर ऑफ रोल» येत असे. १६ मध्ये त्या जागी «मस्ट बी एबल टू सेट रोल» आले. १६ मध्ये रोल तयार करणाऱ्याला त्या रोलचे प्रशासन आपोआप मिळते, पण तो धारण करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून मीच तर रोल तयार केला, मग मला का अडवते, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एका ओळीत आहे: ग्रँट वाचनालय_मालक टू आणि पुढे तुमच्या अ‍ॅडमिनचे नाव. मग रिस्टोअर पुन्हा चालवा.

दुसरी रीत, आणि क्लाउडवर मी हीच वापरतो: --नो-ओनर आणि --रोल=वाचनालय_मालक एकत्र द्यायचे. पीजी_रिस्टोअर जोडणी झाल्यावर आधी तो रोल धारण करतो आणि प्रत्येक वस्तू जन्मतःच त्याच्या मालकीची होते. मालकी बदलण्याच्या ओळीच उरत नाहीत. रोल धारण करण्याचा हक्क मात्र इथेही लागतोच.

--डिसेबल-ट्रिगर्स क्लाउडवर विसरा. परकीय कीचे (दोन टेबलांमधला संबंध जपणाऱ्या नियमाचे) ट्रिगर बंद करायला सुपरयूजर लागतो, नाहीतर «इज अ सिस्टीम ट्रिगर» म्हणून नकार येतो. स्कीमा आणि डेटा एकाच रिस्टोअरमध्ये घेतले तर या पर्यायाची गरजच पडत नाही, कारण परकीय की डेटा भरून झाल्यावर लावल्या जातात.

नो-ओनर लावल्यावर काय हरवते

इथे थोडे थांबतो, कारण --नो-ओनर --नो-प्रिव्हिलेजेस ही जोडी जादूचा मंत्र म्हणून सगळीकडे सांगितली जाते. एरर गायब होतात हे खरे. पण त्या का गायब होतात? मालकी आणि ग्रँट सांगणाऱ्या ओळीच पुसल्या जातात म्हणून.

आता समजा हे रिस्टोअर पोस्टग्रेस सुपरयूजरने चालवले. सगळी टेबले त्याची, सगळे व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) त्याचे, सगळी फंक्शन त्याची. व्ह्यू आतली टेबले एरवी आपल्या मालकाच्या हक्काने वाचतो. सिक्युरिटी डिफायनर फंक्शन तर पूर्णपणे मालकाच्या हक्काने चालते. जे फंक्शन काल एका मर्यादित रोलच्या ताकदीने चालत होते, ते आज सुपरयूजरच्या ताकदीने चालू लागते. शिवाय फंक्शन चालवण्याचा हक्क एरवी सर्वांना असतो. जुन्या डेटाबेसमध्ये कोणीतरी विचारपूर्वक तो काढून घेतला असेल, तर ती रिव्होकची (हक्क काढून घेण्याची) ओळ नो-प्रिव्हिलेजेसमुळे गळते. एकही एरर न येता कुलूप निघालेले असते. परवानगी नाकारली जाते तेव्हा निदान फोन तरी येतो. नको तिथे परवानगी मिळाली तर कोणाचाच फोन येत नाही.

म्हणून नो-ओनर वापरा, पण --रोल सोबत वापरा, आणि नो-प्रिव्हिलेजेस तेव्हाच लावा जेव्हा सगळे ग्रँट आणि रिव्होक तुमच्याकडे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले असतील.

चूक होऊन गेली असेल आणि सगळे पोस्टग्रेसच्या नावावर पडले असेल, तर रीअसाइन ओन्ड बाय पोस्टग्रेस चालवून बघण्याचा मोह होतो. ते चालत नाही. सिस्टीमला लागणाऱ्या वस्तू त्या रोलच्या आहेत, असे सांगून पोस्टग्रेस नकार देतो. प्रत्येक टेबल, सीक्वेन्स, व्ह्यू आणि फंक्शनसाठी ऑल्टर … ओनर टू च्या ओळी कॅटलॉगमधून (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींतून) तयार करून चालवाव्या लागतात. डेटाबेस लहान असेल तर ड्रॉप करून नीट रिस्टोअर करणे लवकर होते. वाचनालयात आम्ही तेच केले, सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली.

ग्रँट देताना सीक्वेन्स राहून जातो

त्या रविवारी नेमके काय झाले होते? शनिवारी रिस्टोअर सुपरयूजरने नो-प्रिव्हिलेजेससह चालवले होते. अ‍ॅपला काही दिसेना, म्हणून ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा पब्लिक दिले गेले. यादी दिसू लागली. पण सीरियल कॉलमचा पुढचा क्रमांक सीक्वेन्समधून येतो आणि टेबलावरचे ग्रँट सीक्वेन्सला लागू होत नाही. ऑल सीक्वेन्सेस इन स्कीमा पब्लिकवर यूसेज वेगळे द्यावे लागते. आयडेंटिटी कॉलम वापरला असता तर ही वेळ आली नसती, तिथे इन्सर्टचा हक्क पुरतो. जुन्या अ‍ॅपमध्ये मात्र सीरियलच असतो.

ग्रँट ऑन ऑल टेबल्स म्हणजे आत्ता असलेली टेबले. उद्या तयार होणाऱ्या टेबलासाठी ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस लागते, आणि ते फार जणांचे चुकते. हा नियम ज्या रोलने टेबल तयार केले त्याच्यापुरताच असतो. पोस्टग्रेस म्हणून जोडणी करून फॉर रोल न लिहिता तो दिला, तर तो पोस्टग्रेसने केलेल्या टेबलांना लागू होतो. तुमची मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) वाचनालय_मालक चालवत असेल तर त्याच्या टेबलांना नाही. म्हणून फॉर रोल वाचनालय_मालक असे स्पष्ट लिहा. कोणते डीफॉल्ट आहेत ते पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डीडीपी दाखवते, टेबलांवरचे हक्क बॅकस्लॅश डीपी, स्कीमाचे बॅकस्लॅश डीएन प्लस.

पूर्ण फोल्डरचा बॅकअप आणि सातशे सत्त्याहत्तर

पीजी_बेसबॅकअपने घेतलेला पूर्ण डेटा फोल्डरचा बॅकअप रूट म्हणून उलगडला की फायली रूटच्या नावावर जातात आणि सर्व्हर उठत नाही. मग कोणीतरी रागाने चमॉड -आर ७७७ देते. पोस्टग्रेस तरीही उठत नाही, आणि या वेळी तो मुद्दाम नकार देतो: डेटा डिरेक्टरीची परवानगी ०७०० किंवा ०७५० याशिवाय काही असेल तर तो सुरूच होत नाही. फोल्डरचा मालक सर्व्हर चालवणारा यूजर नसेल तरीही तेच. टीएलएसची खासगी की सगळ्यांना वाचता येत असेल तर ती नाकारली जाते, पीजीपास ही साठवलेल्या पासवर्डची फाइल ०६०० पेक्षा सैल असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष होते. या प्रोग्रॅमला जास्त परवानगीही खपत नाही, हे लक्षात ठेवले की सातशे सत्त्याहत्तरचा विचार मनात येत नाही.

चोन -आर ने पूर्ण फोल्डर पोस्टग्रेसच्या नावावर करा, वरच्या डिरेक्टरीला ०७०० द्या. टेबलस्पेस असतील तर पीजी_टीबीएलएसपीसी मधले दुवे जिथे जातात ती ठिकाणेही तपासा, चोन -आर दुव्यामागे जात नाही.

मालक बरोबर, परवानगी बरोबर आणि तरीही नकार, असे रेड हॅट घराण्याच्या लिनक्सवर झाले तर एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) बघा. एलएस -झेड ने फायलींचा शिक्का दिसतो, तो पोस्टग्रेसक्यूएल_डीबी_टी हवा. एमव्ही ने हलवलेली फाइल जुन्या जागेचा शिक्का घेऊन येते, म्हणून होममध्ये उलगडलेला बॅकअप हलवला की ही अडचण हमखास येते. रीस्टोरकॉन -आर चालवा. डेटा नेहमीच्या जागेऐवजी दुसऱ्या डिस्कवर ठेवला असेल तर आधी सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने ती जागा नोंदवावी लागते. एसईलिनक्स बंद करून टाकू नका.

रिस्टोअर झाले हे कधी म्हणायचे

मी आता ओळी मोजून थांबत नाही. सुपरयूजरने केलेल्या तपासणीत परवानगीचा एकही दोष दिसत नाही, कारण सुपरयूजरला कोणी अडवतच नाही. म्हणून अ‍ॅपच्या स्वतःच्या यूजरने आणि अ‍ॅपच्याच मशीनवरून जोडणी करायची. बिगिन म्हणायचे, एक ओळ वाचायची, देवघेवीची एक खोटी नोंद घालायची, ती बदलायची, काढायची, अ‍ॅप वापरते ते एखादे फंक्शन बोलवायचे, आणि रोलबॅक करायचे. मग जे जमायला नको तेही करून बघायचे: याच यूजरने टेबल ड्रॉप करता येते का, दुसऱ्या विभागाचे टेबल वाचता येते का. तिथे «परमिशन डिनाइड» आलेच पाहिजे.

रोलबॅकनंतर टेबलात काही उरत नाही, पण सीक्वेन्सचा एक क्रमांक खर्ची पडतो, तो मागे फिरत नाही. वाचनालयाच्या नोंदींमध्ये त्या दिवसाचा एक क्रमांक त्यामुळे कायमचा गाळलेला आहे. तुमच्याकडे पावत्यांचे क्रमांक सलग असणे बंधनकारक असेल, तर ही चाचणी त्या टेबलावर करू नका, दुसरे निवडा.